सुतकातला बेगल

दुसऱ्याच्या सुतकातला पाव मी मागून खाल्लाय, वर शिळा म्हणून नावंही ठेवलीत. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. वय झालं होतं, अक्कल यायची होती.

दोन हजार चार-पाच साल असेल. सिंगापूरला मरीन परेडच्या आमच्या कॉन्डोत एक म्हातारे ज्यू गृहस्थ रोज लिफ्टमध्ये भेटत. कोणी आत आलं की टोपी जराशी उचलायचे आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत दार हाताने धरून ठेवायचे. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांच्या टोपलीत उकडलेली अंडी होती आणि बेगल, म्हणजे मेदूवड्यासारखे मधे भोक असलेले पाव. मी म्हटलं, "पार्टी वाटतं? आम्हाला नाही बोलावलंत!" त्यांनी टोपली पुढे केली. मी एक चावला. "चिवट आहे हो, कालचा का?"

तेवढ्यात नववा मजला आला. समोरच्या उघड्या दारातून आरशावर टाकलेली चादर दिसली, आणि बुटक्या स्टुलावर बसलेली, डोळे सुजलेली बाई. ज्यूंच्यात सुतकात आरसे झाकतात हे मी ऐकून होते; ती टोपली त्याच घरी चालली होती. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. पुण्यात मीच कितीदा पिठलं-भात पोचवला होता. तोंडातला घास गिळवेना की थुंकवेना.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्येच माफी मागितली. त्यांनी टोपी उचलली.

"माझी बायको गेली तेव्हा या लिफ्टमध्ये महिनाभर सगळे खाली मान घालून उभे राहायचे," ते म्हणाले. "तुम्हीसुद्धा. काल निदान बोललात."