हरणांच्या अलीकडे

आबा जाऊन आठवडा होत आला होता आणि मला अजून रडू आलं नव्हतं. बोरीच्या आमच्या घरात बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, आणि मी त्यांना पाणी द्यायचे. "लेक लय घट्ट हाय," चुलती म्हणाली. घट्ट कसली! बापासाठी डोळ्याला पाणी नाही, याची मला भीती वाटत होती. पण तीही दुरूनच.

सुतकात घरातलं कुणी रानाकडे फिरकलं नव्हतं. त्या सकाळी भाऊ दहाव्याचं सामान आणायला परभणीला गेला आणि शेजारच्या काकांनी अंगणातूनच हाक दिली, "अगं, हरभऱ्यात हरणं घुसलेत!" मी खुंटीवरची गोफण घेतली आणि निघाले.

गोफण आबांनीच शिकवली होती. दगड हरणाला मारायचा नाही, त्याच्या अलीकडे पाडायचा. मग कळप पलीकडच्या पडीक रानात पळतो. दगड पुढं गेला, तर कळप उलटा आपल्याच पिकात येतो. "काळ्या रानात डोळ्यावर भरवसा ठिवू नको," आबा म्हणायचे. "सगळं जवळ दिसतंय. तास मोज." तास म्हणजे पेरणीची ओळ. बैलानं ओढायच्या आमच्या पेरणीच्या तिफणीला तीन फण, म्हणून तीन-तीन तास मोजत कळपापर्यंत जायचं आणि त्या बेतानं हाताला जोर द्यायचा.

मी नीट मोजले. गोफण गरगर फिरवून सोडली. दगड कळपाच्या डोक्यावरून गेला आणि पार पलीकडे आपटला. हरणं वळली, कोवळा हरभरा तुडवत माझ्या बाजूनं निघून गेली. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिले.

मग वाकून बघितलं. आबा दवाखान्यात होते, म्हणून यंदा भावानं ट्रॅक्टरनं पेरून घेतलं होतं. हे तास तिफणीच्या तासांपेक्षा दाट होते, म्हणून माझं मोजलेलं अंतर जास्त भरलं होतं. तिफणीचा हिशेब इथं कसा लागू पडणार?

"आबा, मग ह्याचं कसं धरायचं?" मी मोठ्यानं विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसले. वाट बघता बघता ध्यानात आलं, ही पेरणी आबांनी पाहिलीच नव्हती. विचारायचं कुणाला? तुडवलेल्या हरभऱ्यात बसून मी हंबरडा फोडला.

काका धावत आले. "हरणानं पाडलं का गं?"

मी मानेनंच हो म्हटलं.