फी वेगळी, खर्च वेगळा

"फी सांगितली बाप्पा, आता खर्च सांग." चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसत काकू म्हणायच्या. चष्मा स्वच्छच असायचा. समोरच्याला विचार करायला जरा उसंत मिळावी म्हणून ती पुसापुशी असायची, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्याही कॉलनीत अशी एक बाई असेल, जिच्या व्हरांड्यात संध्याकाळी साऱ्यांच्या अडचणी येऊन बसतात. आमच्या शाहपुऱ्यात या काकू होत्या. त्यांचे सासरे राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, आणि घर इथलंच झालं. बोली मात्र नागपूरची राहिली, मधूनच हिंदीचं बोट धरून चालणारी. नवरा गेल्यावर काकूंनी वरच्या खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिल्या. माझ्या नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून त्यांच्या शेजारी आलो, आणि थोड्याच दिवसांत मी त्या व्हरांड्यातली कायमची श्रोती झाले.

विद्यापीठांनी ऑनलाइन पदव्या सुरू केल्या, तशी व्हरांड्यातली गर्दी वाढली. घरबसल्या शिकणं स्वस्त, की कॉलेजात जाणं? ज्याच्या घरी बारावी पास झालेलं पोर, तो काकूंकडे यायचा.

कोपऱ्यावरच्या इंजिनिअरसाहेबांचा मुलगा एकदा छाती काढून आला. "काकू, ऑनलाइन में फीस आधी है. बस नाही, कॅन्टीन नाही. सीधी बचत!"

"लॅपटॉप?"

"नवा घ्यावा लागेल."

"बसशील कुठं?"

मुलगा घुटमळला. त्यांच्या घरी आजोबांचा टीव्ही दिवसभर गर्जत असायचा. "एमपी नगरमध्ये लायब्ररी लावीन. तिथं वायफाय पण आहे."

"म्हणजे जायला बस, बसायला पैसे, अन् भूक लागली की समोसा. मग कॉलेजानं काय पाप केलं रे?"

सगळे हसले. तोही हसला, आणि जुलैत मुकाट्यानं कॉलेजात जाऊ लागला.

पण काकू ऑनलाइनच्या वैरी नव्हत्या. औषधांच्या दुकानात काम करणारी एक तरुण आई पदवी पुरी करायची म्हणत होती. कॉलेजात गेल्याशिवाय ती पदवी कसली, असं तिला जो तो ऐकवायचा. काकू म्हणाल्या, "नोकरी सोडशील तर गेलेला पगार कॉलेजच्याच खर्चात धरावा लागेल. वर लेकराला सांभाळायला बाई. तू ऑनलाइनच कर. कोणी नाक मुरडलं तर त्याला माझ्याकडे धाड." ती पास झाली तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा काकूंकडे आला.

मला मात्र आठवते ती मुलताई गावाहून आलेली मुलगी.

ती अर्थशास्त्रात एम.ए. करायला आली आणि काकूंच्या वरच्या खोलीत राहू लागली. इतकी बुजरी, की जेवताना मीठ हवं असलं तरी नुसती बरणीकडे बघायची. वर्गात पहिल्यांदा उभं राहून बोलायची पाळी आली, तेव्हा तिला रडूच फुटलं. तिच्या मॅडमनी पुन्हा उभं केलं, मैत्रिणींनी धीर दिला. हळूहळू ती बोलू लागली. वर्गात जे बोलायची, ते घरी येऊन स्वयंपाकघरात काकूंना पुन्हा म्हणून दाखवायची. काकू पोळ्या लाटत ऐकायच्या. "कळत काही नाही, पण पोरगी काय मस्त बोलून राहिली!" असं मला सांगायच्या.

तिच्या बाबांचं मुलताईत किराणा दुकान होतं. भोपाळच्या करोंद मंडीत माल बघायला आले की ते डोकावून जात. एकदा आले ते मुलीला परत न्यायलाच. हीच पदवी आता ऑनलाइन मिळत होती. फी कमी, आणि खोलीचा, डब्याचा खर्च तर उरतच नव्हता. मुलगी दाराशी उभी होती, मान खाली घालून.

काकूंनी चष्मा पुसला. "भाऊ, दुपारी दुकानात कोण बसते?"

"आता घरी आली की हीच बसेल."

"अन् वर्ग?"

"मोबाइल ठेवेल समोर."

काकू पुढं काही बोलणार, तोच ते म्हणाले, "बाई, तुमचं भाडं जाते म्हणून तुम्ही बोलून राहिल्या."

 मला राग आला. काकूंना आला नाही. त्या उठल्या. "बरोबर आहे तुमचं. भाडं घेणाऱ्या बाईचं कोण काहून ऐकेल?" मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "सामान भर."

मला वाटलं, संपलं सगळं. पण काकूंनी रिक्षा बोलावली, बाबांना बसवलं, मुलीला बसवलं, आणि मला म्हणाल्या, "तूही चल, साक्षीला." रिक्षा थेट विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाशी थांबली. तिथल्या वॉर्डनबाई एकेकाळी काकूंच्याच खोलीत राहिलेल्या. एक जागा रिकामी होती. काकूंच्या खोलीपेक्षा खूपच स्वस्त. फॉर्म भरून झाल्यावर काकू तिथल्या बाकावर टेकल्या.

"भाऊ, आता माझं भाडं मधे नाही. आता ऐकाल? घरी नेली तर पैसे वाचतात, तुमचं खरं आहे. पण गिऱ्हाईक आलं की हिचा वर्ग बंद. मोठ्या मुश्किलीनं तोंड उघडलं हिनं. ते पुन्हा मिटलं, तर तो खर्च कशात धरायचा?"

बाबा मुलीकडे वळले. म्हणाले, "तुला काय पाहिजे?"

"बाबा, मला इथंच शिकायचंय. मी शिकवण्या घेईन. पण वर्ग सोडणार नाही."

तिचा आवाज पार फाटकापर्यंत पोचला. मुलगी कुणाची, आणि अभिमानानं ऊर भरून आला माझा!

काकूंची खोली त्या वर्षी रिकामीच राहिली. मी विषय काढला की म्हणायच्या, "रिकामी खोली हवेशीर राहते." मुलगी दर रविवारी जेवायला यायची. एम.ए. झाली, पुढं शिकली, आणि बैतूलकडच्या एका कॉलेजात शिकवू लागली. तेव्हा काकूंनी दूधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत कुणाला सोडलं नाही. "हमारी लड़की प्रोफेसर हो गई! पूरी क्लास उसकी सुनती है!"

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच, कुणालाही त्रास न देता.

तेराव्याला जुन्या मुली कुठून कुठून आल्या. कुणी लेकरं घेऊन, कुणी ऑफिसातून रजा टाकून. औषधांच्या दुकानातली ती आईही आली. मुलताईची मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्यांना कामं वाटून देत होती, आणि सगळे तिचं ऐकत होते. पंगतीत एक गृहस्थ बाह्या दुमडून वाकून वाकून वरण वाढत होते. कपाळावर घाम, पण भांडं दुसऱ्याच्या हाती देत नव्हते.

नागपूरहून आलेल्या काकूंच्या चुलत दिरांनी त्यांना ओळखलं नाही. "तुम्ही वहिनींचे कोण?"

ते गृहस्थ सरळ उभे राहिले. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"मी त्यांच्या पोरीचा बाप," ते म्हणाले, आणि पुढच्या पानाकडे वळले.