रामटेके सरांची बग्गी

रामटेके सरांकडे दाढीचे दोन ब्रश होते: एक त्यांचा, एक गाडीचा. गाडीचा अधिक मऊ होता. मुर्री गावातील घराच्या पडवीत, पंच्यावर उताणी निजवलेल्या त्या हातभर लांबीच्या बग्गीची चाके ते त्या ब्रशने अशा हळुवारपणे झाडीत, की अभिषेकानंतर मूर्ती पुसणारे माझे वडील मला आठवत.

आम्ही एकाच शाळेत होतो; मी संस्कृत शिकवीत असे, ते चित्रकला. रिमोटवर चालणारी ती बग्गी मूळ त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. जपानहून त्याने सुट्या भागांचा खोका आणला, दोघांनी मिळून बग्गी जोडली आणि भाऊ वारल्यावर ती ट्रंकेत पडून राहिली. १९९९च्या उन्हाळ्यात सरांनी ती बाहेर काढली. रिमोटची लांब एरियल ओढून खटका दाबला, तशी ती वीतभर सरकून थांबली.

"जिवंत आहे जी, पंडितजी!" सर ओरडले.

पुढे अनेक वर्षे तिची पुनर्घडण चालली. झिजलेल्या पितळी बुशांच्या जागी बेअरिंगे आली, तेल गळणारे शॉकअप बदलले, बॅटरी बदलली. शेवटी जुनी, घरघरणारी मोटर निघून नव्या पद्धतीची मोटर बसली आणि बग्गी जवळजवळ निःशब्द धावू लागली.

"सर, आता भावाचे यात उरले काय?" मी विचारले.

"तुमच्या देवळाचे कौलं बदलले, कळस बदलला. मंग देव बदलला काय जी?"

मी हरकत घेणार होतो. पण ती कौले निवडायला मीच गेलो होतो.

वैशाखात चोरखमाऱ्याच्या तलावाचे पाणी ओसरले, की तळाचा गाळ वाळून विस्तीर्ण अंगण होई. भल्या सकाळी आम्ही तेथे जात असू. दूर पाण्याची रेघ, तिच्यावर बगळे, आणि मधून सरकणारी धुळीची एक बारीक शेपटी. मला तेव्हा आपण जागे आहोत की नाही, याचाच विसर पडे.

मग सरांना काचबिंदू झाला. बग्गी जरा बाजूला गेली, की त्यांना दिसेनाशी होई. एकदा ती बाभळीवर आदळली आणि सर मात्र भलतीकडेच पाहत उभे होते.

"आता ठेवा ना शोकेसमध्ये," शकुनबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

"शोकेसमध्ये ठेवाले ते काय कपबशी आहे?"

"मंग आंधळ्यानं गाडी चालवाची काय?"

सर बग्गीची चाके झाडू लागले. मग मला म्हणाले, "एक डाव जाऊ, पंडितजी. नाही जमलं, त मीच ठेवीन शोकेसात."

त्या दिवशी शकुनबाईही डबा घेऊन आल्या. बग्गी सुरू होताच मी चमकलो. सरांनी जुनी मोटर परत बसवली होती.

"हळू झाली हो," मी म्हणालो.

"हळू झाली, पण बोलते. मुकी गाडी कोणीकडे गेली, मले कसं कळन?"

त्यांनी डोळे मिटले. बग्गी दूर गेली. "उजवीकडे, सर, उजवीकडे!" मी ओरडलो.

"तुमी गप्प राहा जी! तुमचा आवाज गाडीहून मोठा आहे."

मी गप्प झालो. ओठांवर सदैव चाललेले नामही थांबले. घरघर भुंग्याच्या गुणगुणण्याएवढी बारीक झाली, वळली, वाढत आली आणि आमच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागली. मग शकुनबाईंच्या पावलांपुढे थबकली.

"शकुन, तू अथीच आहेस ना?"

"माह्या पायावरच घालता काय?" पदर डोळ्यांना लावीत त्या म्हणाल्या. "मारा, अजून एक चक्कर मारा."

त्यानंतर सरांना आणखी काही उन्हाळे लाभले. ते गेले त्याच्या पुढल्या वैशाखात शकुनबाईंनी मला चोरखमाऱ्याला नेले. त्यांनी रिमोट हाती घेतला, बग्गी सोडली आणि डोळे मिटून घेतले.

"वहिनी, तुम्हाला तर दिसते. डोळे कशाला मिटता?"

"यायले काय आयकू येत होतं, ते पाहून राहिली जी," त्या म्हणाल्या, आणि बग्गी दूर गेली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.