आबा काय बोलले

सारंगखेड्याच्या हेमराजला त्याच्या वडिलांनी, दोधूआबांनी, त्या दुपारी ओट्यावर बसून बराच वेळ काहीतरी सांगितलं. हेमराजची मान मोबाईलमध्ये होती. पडद्यावर एक माकड चष्मा घालून पेपर वाचत होतं. मध्येच आबांनी विचारलं, "ऐकी ऱ्हायना ना भाऊ?"

"हाव आबा."

आबा समाधानाने उठले, पपईच्या बागेकडे गेले आणि तिथेच बांधावर कोसळले. पुन्हा बोललेच नाहीत.

दहाव्याला आत्याने, धनुबाईने, डोळे पुसत विचारलं, "शेवटलं काय बोलना रे तो तुन्हासंगे?" हेमराजला माकडाच्या चष्म्याच्या लाल काड्यासुद्धा आठवत होत्या. आबांचा एक शब्द आठवेना.

तेव्हापासून घरात पाऊल टाकताच तो मोबाईल बंद करून फडताळात ठेवतो. तरी ओट्याकडे नजर गेली की आबांचे ओठ हलताना दिसतात. आवाज येत नाही. घरात कुणी बोललं की तो हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. परवा बायको चारुलता हसलीच, "आहो, मीठ सरनं, इतलंच सांगी ऱ्हायनू!"

"परत सांग," हेमराज म्हणाला.