स्टेशनातल्या दिव्याचा सेल

लवू मूळचा मालवणकडचा, पण उभा जन्म चारकोपच्या एका गाळ्यात लेथ मशीनवर गेला. निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने खूळ काय घेतलं, तर छोट्या आगगाडीचं! बरं, गाडी नि रूळ आणून गप्प बसेल तर तो लवू कसला? त्याला स्टेशन हवं होतं, तेही गावाकडच्यासारखं. दुकानात जोडायचे संच सगळे परदेशी. कुठे छपरावर धुराडं, कुठे दारात बर्फ. खोकी उलटीपालटी करून दुकानदाराचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे एक उतरत्या छपराचं पसंत पडलं. घरी आल्या आल्या धुराडं कापून टाकलं, छपराला कौलांचा तांबडा रंग दिला. आत दिवाही लागणार होता, कोटाच्या बटणाएवढ्या चपट्या सेलवर.

सगळं बारीक सामान एका ताटलीत नि ताटली जमिनीवर. इथेच माती खाल्लीन! कारण मुलगी दीप्ती मालाडला ऑफिसला जाताना आपली वर्षाची क्षमा आजी-आजोबांकडे ठेवून जायची, आणि पोर रांगत घरभर फिरायची.

त्या दिवशी बायको चंपा भाजी आणायला खाली उतरली होती. लवूने खिडक्या चिकटवल्या, दिव्याची वायर ओढून घेतली, नि बघतो तर ताटलीत सेल नाही. ताटलीपाशी क्षमा बसलेली. हनुवटीवर लाळ, आजोबांकडे बघून हसतेय.

खोक्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, सेल गिळला तर आतून भाजतो, मूल दगावू शकतं. ते त्याने दुकानात वाचलं होतं नि सोडून दिलं होतं. आता तो पलंगाखाली शिरला, सतरंजी झटकली, पोरीच्या तोंडात बोट फिरवलं. चंपाला फोन लावला तर तो स्वयंपाकघरातच वाजला. मग क्षमाला उचललं, दार तसंच टाकलं, नि रिक्षा. वाटेत पोर जरा खोकली की याचा जीव जायचा.

लवूचा फोन येताच दीप्ती धावत हॉस्पिटलात पोचली. "बाबा, तुम्ही बघत होतात ना हिच्याकडे?"

एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, "घशात, पोटात कुठेच सेल नाही. असता तर लख्ख दिसला असता." दीप्ती ढसाढसा रडली. लवू मात्र, "पुन्हा एकदा बघा ना," म्हणत राहिला.

घरी चंपा दारातच कडाडली, "दार उघडा टाकून खंय गेल्लात?"

लवूचं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. दिवाळीपासून बंद पडलेली सेलवरची पणती लुकलुकत होती.

"हिच्यात सेल कुठला घातलास?"

"तुमच्या त्या स्टेशनाचो. ह्या क्षमाच्या तोंडात होतो, मीया बोट घालून काढलंय. फुकट कित्याक घालवूचो, म्हणान पणतीत घातलंय आणि भाजीक गेलंय."

दीप्तीने काय झालं असतं ते सांगितलं, तशी चंपाने भिंत धरली. लवू तिथेच खाली बसला.

"चंपा," तो कसाबसा म्हणाला, "तू वायच आधी भाजीला गेली असतीस तर?"