चार बाराची पट्टी

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की त्याला तोंडावर वेड्यात काढणारी बाई मी. इंदरगंजच्या एका दवाखान्यात एकोणीस वर्षं ईसीजी काढतेय – कागदावर उमटेल तेवढंच खरं मानते. आणि नेमकं कागदावरच...

माझी भाची सई, नऊ वर्षांची, जवळच्याच गोरखी मोहल्ल्यात राहायची. तिला फिट्स यायच्या, गोळ्या चालू होत्या. हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. या हिंदी मुलखातल्या शहरात, आमच्या लष्कर नावाच्या भागात मराठी घरं मोजकी, एकाला कळलं की सगळ्यांना कळतं, आणि पुढे मुलीचं लग्न करायचंय – म्हणून सगळे गप्प.

त्या मंगळवारी तिला ताप-खोकला होता. वहिनी आणि मी तिला आमच्यातल्याच एका डॉक्टरांकडे नेलं.

"दुसरं काही औषध चालू आहे?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "नाही हो, काही नाही."

त्यांनी विश्वासानं औषध लिहून दिलं. अशी काही औषधं फिट्सच्या गोळ्यांबरोबर घेतली, तर एखाद्या मुलाच्या हृदयाचा ठोका बिघडू शकतो. हे न कळायला मी अडाणी नव्हते. जगाचे ईसीजी काढले, सईचा एकदाही काढला नाही. लाज वाटते लिहिताना.

शुक्रवारी दुपारी हजीरा भागातले सत्तरीचे एक चाचा माझ्यासमोर झोपले होते, नातीचं कौतुक चाललं होतं. मशीनमधून पट्टी आली – ठोके भलतेच जलद, मग रेघा पिळवटत गेलेल्या. वर वेळ छापलेली, चार बारा.

"चाचा, तबीयत ठीक है ना?"

"एकदम बढ़िया, बेटी!"

वायर सुटली असेल, म्हणून पुन्हा काढली. अगदी नॉर्मल! पहिली पट्टी खिशात कोंबली.

थोड्याच वेळात भावाचा फोन. "ताई, सई खेळता खेळता गिर गई... उठतच नाहीये गं..."

नेहमीची फिट समजून वहिनीनं तिला कुशीवर वळवलं होतं आणि शांत व्हायची वाट बघत बसली होती. फिट आली की आधी घड्याळ बघायचं, ही त्या घरातली शिस्त. तिनं बघितलं होतं. चार बारा.

सई गेली.

महिन्यानं ती पट्टी आमच्या हृदयाच्या डॉक्टरांपुढे ठेवली, नाव न सांगता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ये तो किसी बच्चे की है. देर मत करो, अभी बुलाओ!"

"जी सर," म्हणत मी पट्टी परत खिशात ठेवली.

चाचांच्या छातीवरून ती पट्टी कशी निघाली, मला आजही सांगता येत नाही. सर मात्र अजून अधूनमधून विचारतात, "वो बच्चा आया नहीं?"