भावांना चहाला पाठवणाऱ्या रशीदाआपा

बहिणीचं हक्कसोडपत्र लिहायला कुणी आलं, की रशीदाआपा आधी भावांना चहाला पाठवायच्या. "आवं दादा, प्रिंटर तापलाय. चहा पिऊन या तंवर." प्रिंटर कधीच तापलेला नसायचा. भाऊ बाहेर पडले की चष्मा कपाळावर सारून बहिणीला विचारायच्या, "आता सांग. तुझ्या मनानं सोडतीस का?"

इस्लामपूरला तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या गाळ्यात त्यांनी तीसेक वर्षं अर्ज आणि दस्त लिहून दिले. गेल्या वर्षी त्या वारल्या.

माझे वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि दादाबरोबर माझंही नाव उसाच्या रानाला लागलं. आमच्याकडे बहिणी ते सोडून देतात, म्हणून मीही दादाबरोबर तिथे गेले. मी यादी केल्याशिवाय घराबाहेर न पडणारी बाई. आधार, फोटो, सातबारा, दोन साक्षीदार, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. दादा आणि साक्षीदार चहाला गेल्यावर आपांनी ती यादी सावकाश वाचली.

"लय नीट हाय. पण का सोडायचं, ते कुठं लिवलंय?"

"माहेर राहावं म्हणून," मी म्हटलं.

"बरं." पण बोटं काही कीबोर्डवर आली नाहीत. त्यांना प्रश्न फार पडायचे, आणि उत्तर ऐकायला त्या खरंच थांबायच्या. "मला एक सांग. मतदानाला तू नि मी एकाच रांगेत. तुझं मत एक, माझं बी एक. बाप गेला की मात्र तुझं कायद्याचं पुस्तक येगळं, माझं येगळं. तुझ्यात लेकीला भावाएवढं. माझ्यात भावाच्या निम्मं. आणि ह्या टेबलावर आल्यावर दोघींचं किती हुतं?"

"काहीच उरत नाही."

"व्हय. आता समद्यांस्नी एकच पुस्तक करायचं म्हणत्यात."

"मग चांगलंच की, आपा."

"आसंल. मला एवढंच बघायचंय, ते लिवताना बायकांस्नी बसवून विचारत्यात, का त्यांनाच चहाला पाठवत्यात."

मला हसू आलं. मग सहज विचारलं, "तुम्ही घेतला का तुमचा हिस्सा?"

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मिरजेत बापाचं घर हुतं. माझं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं. एक चूक न्हाई त्यात. भाऊ मागंच उभं हुतं. त्यांना चहाला पाठवायला कोण न्हवतं."

दादा परत आला. "झालं का?"

मी यादीची घडी घातली. "दादा, आज नको."

त्याने आपांकडे पाहिलं. "काय शिकवलं हिला?"

"मी? मी प्रिंटर बघत हुते."

दादाने मला गाडीवरून घरी सोडलं. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

दिवाळीनंतर नवा सातबारा घेऊन मी आपांकडे गेले. त्यांनी माझ्या नावाखाली बोट धरून ते वडिलांच्या नावासकट मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "आणि माहेर?"

"दादा भाऊबीजेला आला नाही."

समोरचा चहा आपांनी निम्मा बशीत ओतला आणि कप माझ्याकडे सरकवला.

"मी सही केली," त्या म्हणाल्या, "तरी माझं भाऊ ईदला येत न्हाईत."